पाच हिरवे, एक लाल

व्यवसायोपचार म्हटलं की लोकांना वाटतं, धंदा कसा करावा याचा सल्ला. बाईंच्या शेजारणीने तर एकदा आपल्या भाच्याला त्यांच्याकडे धाडलं होतं, दुकान कशाचं टाकू म्हणून विचारायला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, बाबा रे, आमच्याकडे येतात ती हात असून नसल्यासारखी झालेली माणसं. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाची बोटं यंत्रात गेलेली, कुणी भाजलेलं. त्यांना पुन्हा शर्टाचं बटण लावता आलं पाहिजे, कुलूप उघडता आलं पाहिजे, आपल्या हाताने जेवता आलं पाहिजे. ते शिकवणं हा आमचा व्यवसाय, आणि ते कसं शिकवायचं हे पोरापोरींना शिकवणं हा माझा. भाचा हिरमुसला होऊन गेला. पुढे त्याने दुकान टाकलं की नाही, देव जाणे.

आता ‘बाई’ हे काही त्यांचं नाव नव्हे. कॉलेजात सगळे सर नाहीतर मॅडम. पण सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या बॅचमधल्या कुणीतरी शाळेच्या सवयीने त्यांना बाई म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. विभागप्रमुख वयाने बाईंपेक्षा लहान, तेही बाई म्हणायचे. घरी नवराही चिडवायचा असला की म्हणायचा, बाई, आज चहा मिळेल का.

विभाग हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. एका खोलीत खोटं स्वयंपाकघर. शेगडी, मोरी, फडताळ सगळं खरं, फक्त तिथे कुणी राहत नाही. शेजारी खोटं न्हाणीघर. भिंतीवर एक फळी, तिच्यावर नाना तऱ्हेच्या कड्या, कुलुपं, नळाच्या तोट्या आणि दिव्यांची बटणं. त्या फळीपुढे एखादा पन्नाशीचा माणूस घाम पुसत अर्धा तास एका कडीशी झटतो, आणि बाजूला उभी असलेली कोवळी पोर कळवळून मदतीला हात पुढे करते. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज यायचा, "हात मागे!" पोरगी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. विभागातली निम्मी मुलं पास होऊन गेली तरी लग्नाच्या फोटोत हात मागे बांधून उभी दिसायची, असं बाईंचा नवरा म्हणायचा. तो म्हणायचा ते सगळंच खरं धरू नका.

बाई कडक होत्या, पण नुसत्या कडक नव्हत्या. मुलाला कळलं नाही तर त्या दहादा सांगायच्या, अकराव्यांदा त्याचा हात आपल्या हातात घेऊन दाखवायच्या. हे बोट इथे ठेव, जोर एवढाच, एवढाच म्हणजे केवढा, हा बघ. पुस्तकात जोर लिहिता येत नाही असं त्या म्हणायच्या. दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात जे उतरतं तेवढंच खरं शिक्षण, बाकी पाठांतर.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी-प्रात्यक्षिकात एक चाचणी असते, हाताला स्पर्श कितपत कळतो ते पाहायची. दांडीच्या टोकाला नायलॉनचा धागा बसवलेला असतो. अशा कमी-जास्त जाडीच्या दांड्यांचा एक डबा असतो. पेशंटने डोळे मिटायचे, विद्यार्थ्याने धागा बोटावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, आणि पेशंटला कळलं तर त्याने हो म्हणायचं. सर्वांत बारीक धागा कळला तर कागदावरच्या हाताच्या चित्रात ती जागा हिरवी रंगवायची. थोडं कमी असेल तर निळी, त्याहून कमी जांभळी. आणि जिथे चटका बसला तरी कळणार नाही, अशी जागा लाल.

या परीक्षेत पेशंट म्हणून बसायच्या त्या बाई. सव्वीस वर्षं हा रिवाज होता. वॉर्डातला पेशंट सहा जणांपुढे बसून कंटाळतो, चुकीची उत्तरं देतो. बाईंचा उजवा हात कसा, घड्याळासारखा बिनचूक. आणि अर्थातच तो दरवर्षी हिरवा. ही बातमी एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे गुपचूप पोचायची. त्यामुळे परीक्षेत मुलं धागा टेकवल्यासारखं करायची, बाई हो म्हणायच्या, आणि मुलं डोळे झाकून हिरवी पेन्सिल उचलायची. पूर्वी बाई असल्या चोरांना कान धरून पुन्हा बसवायच्या. गेली दोन वर्षं त्यांनी त्याकडे कानाडोळा चालवला होता. मुलांना वाटलं, वयामुळे बाई मवाळ झाल्या.

तसं काही नव्हतं. झालं होतं असं की तीन वर्षांपूर्वी बाईंची आई गेली. त्याआधी चार वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. बाईंनी तिचं सगळं केलं. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी आणि आल्यावर, उचलणं, कूस वळवणं, पुसणं, भरवणं. चार वर्षांत कधी चिडल्या नाहीत, हे त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं. आई गेली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फोन केले, चादरी धुवायला टाकल्या, औषधं परत केली आणि चौथ्या दिवशी वर्गावर उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग वाट पाहायचंही राहून गेलं.

तेव्हापासून सगळंच तसं. जेवण कसं झालंय म्हणून नवऱ्याने विचारलं तर त्या चांगलं म्हणायच्या, आणि ते चांगलंच असायचं, पण त्यांना काही वाटायचं नाही. नवऱ्याचे विनोद कुठे संपतात ते माहीत होतं, तिथे त्या हसायच्या. लेकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा त्यांनी त्याची बॅग भरून दिली आणि दारातून वळून घरात आल्या. नवरा बिचारा जिन्यात डोळे पुसत उभा राहिला. त्याला वाटलं, बायको घट्ट आहे म्हणून घर उभं आहे.

आणि पुढच्या सहा महिन्यांत उजव्या हाताची तर्जनी बधिर झाली. मग मधलं बोट, मग अंगठा. मनगटात नस दाबली जाते, तिची ही लक्षणं, हे बाईंना पहिल्या मिनिटाला कळलं. त्या हेच तर शिकवायच्या. दुसऱ्या कुणाचा हात असता तर त्यांनी त्याला त्याच दिवशी सर्जनपुढे नेऊन बसवलं असतं, वर उशीर केला म्हणून दोन शब्द सुनावले असते. स्वतःचा होता म्हणून त्या गप्प बसल्या. भीती वाटली असती तर धावपळ झाली असती. भीतीच वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की हे बाहेर फुटलं तर आपल्याला हजेरीपटाच्या टेबलाशी बसवतील, आणि मग सकाळी उठून जायचं तरी कुठे?

बरं, लपवणार किती दिवस? तर या बाबतीत बाईंशी कुणी पैज लावू नये. अधू हाताने निभावून कसं न्यायचं हे शिकवण्यात जिची हयात गेली, तिला स्वतःचा हात लपवणं म्हणजे काय अवघड! घरातले काचेचे कप गेले, रुंद कानाचे स्टीलचे मग आले. किल्ल्यांवर जाड रबरी टोप्या बसल्या, पेनाला गुंडाळी झाली. पर्समध्ये सुटी नाणी एका कप्प्यात, किल्ल्या दुसऱ्यात, म्हणजे चाचपायला नको. कपड्यांची बटणं जाऊन चिकटपट्ट्या आल्या. बोटाला कळत नव्हतं ते डोळा सांभाळून घ्यायचा. नवऱ्याला वाटलं, उतारवयात हिला टापटिपीचं वेड लागलं. असा बेमालूम पेशंट बाईंनी दुसऱ्या कुणाकडे पाहिला असता तर त्यांना त्याचं कौतुकच वाटलं असतं.

हात हातात घेऊन शिकवणं मात्र सुटलं. हातात हात घेतला तरी समोरच्याचा जोर केवढा हे आता त्यांना कळत नव्हतं. त्या नुसत्या बोलून शिकवू लागल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता या गोष्टीत यायचं ते गोगलगाईने.

गोगलगाय म्हणजे शेवटच्या वर्षाची एक मुलगी. हे नाव तिच्या वर्गाने ठेवलेलं, आणि खोटं कशाला बोला, ते बरोबर होतं. तिचे वडील शिंपी. कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मापायचं, हे तिच्या रक्तातच होतं. दुसऱ्यांचे तीन पेशंट व्हायचे तेव्हा हिचा एक. प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. एकदा वेळ पुरला नाही म्हणून. दुसऱ्यांदा मात्र तिचं उत्तर बरोबर होतं, परीक्षकांनी नुसती भुवई उंचावली आणि हिने खोडून चुकीचं लिहिलं. तिसऱ्यांदा नापास झाली की नियमाप्रमाणे कोर्समधून बाहेर. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, रागाने नाही, थकून, की या खेपेला नाही जमलं तर ये आणि मशीनवर बस, पोरी. त्यांच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नव्हतं.

बाईंनी वर्षभर दर शनिवारी दुपारी तिला शिकवलं. का शिकवलं? लळा लागला म्हणून, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मुलगी कच्ची होती आणि बाई शिक्षिका होत्या, एवढंच. स्पर्शाच्या चाचणीचा सराव त्यांनी तिला वॉचमनच्या हातावर करायला लावला, ऑफिसातल्या कारकुनाच्या हातावर, झाडूवाल्या मावशींच्या हातावर. वॉचमनची दहा बोटं इतक्या वेळा तपासली गेली की मुलगी बोळात दिसली की तो आपणहून तळहात पुढे करायचा. स्वतःचा हात बाईंनी कधी पुढे केला नाही.

तिला त्यांनी दोन गोष्टी घोकून घोकून शिकवल्या. पहिली, पेशंट खोटं बोलतो. दुष्टपणाने नाही. हात गेलाय हे त्याला माहीत असतं. ते तुम्हाला कळू नये एवढीच त्याची धडपड असते. तुम्ही ठरावीक अंतराने धागा टेकवत गेलात तर तो ताल धरून हो म्हणत जाईल. म्हणून ताल मोडा. मध्येच थांबा. मध्येच धागा टेकवूच नका आणि बघा तो काय म्हणतो ते. आणि दुसरी गोष्ट, समोर कोणीही बसलेलं असो, जे सापडलं तेच लिहायचं. माझ्या तोंडाकडे काय बघतेस, माझ्या तोंडावर उत्तर नाहीये, असं त्या म्हणायच्या. ते खरंही होतं. बाईंच्या तोंडावर तेव्हा काहीच नसायचं.

एकदा पेशंटच्या हाताला आधार देणारे पट्टे बनवताना मुलीने विचारलं, बाई, बोटाला काय झालं? पट्ट्याचं प्लास्टिक मऊ करायला गरम पाण्याचं पातेलं असतं, त्यात बुडून तर्जनीच्या टोकाला टपोरा फोड आला होता. बाईंनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना तो दिसला. घरी तव्याचा चटका बसला, असं त्यांनी ठोकून दिलं. मुलगी बराच वेळ त्या फोडाकडे बघत राहिली, मग आपल्या कामाला लागली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले ते बाईंचेच जुने विद्यार्थी. आता टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, मोठ्या संस्थेत प्रमुख. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाले, अजून तुमचाच हात का, बाई? आम्हीही तोच रंगवून पास झालो. बाई योग्य त्या ठिकाणी हसल्या. हे वर्ष निघालं की पुढचं एक, आणि मग निवृत्ती. एवढंच निभवायचं होतं. बाईंनी डगला सारखा केला, उजवी बाही दुमडली आणि हात टेबलावरच्या टॉवेलवर ठेवला.

पहिले पाच जण कसे आटोपले ते सांगण्यात अर्थ नाही. धागा टेकला की नाही कुणास ठाऊक, बाईंना कुठे कळत होतं? त्या मनातल्या मनात ताल धरून हो, हो, हो म्हणत गेल्या आणि मुलं रंगवत गेली. एकाने तर बाईंनी चुकून दोनदा हो म्हटलं तरी मान वर केली नाही. प्रत्येकी दहा मिनिटांत काम फत्ते. पाच कागद, पाचही हिरवेगार.

सहावी गोगलगाय.

तिने स्टूल ओढलं, टॉवेल पुन्हा नीट केला, बाईंचं मनगट खालून उशीवर टेकवलं आणि म्हणाली, "डोळे मिटा, बाई." बाईंनी मिटले आणि तालाची वाट पाहू लागल्या.

ताल येईना. बोळातून एक ढकलगाडी खडखडत गेली. कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. किती वेळ गेला ते कळेना, म्हणून बाई म्हणाल्या, हो. उत्तरादाखल कागदावर पेन्सिलीची बारीकशी खूण ऐकू आली. ती खूण कशाची हे बाईंना पक्कं माहीत होतं. धागा न लागता हो. मग पुन्हा शांतता. पुन्हा हो. पुन्हा खूण. डब्यातून दुसरी दांडी निघाल्याचा आवाज आला, मग तिसरी, जाड जाड होत जाणारी. बाई अंदाजाने बोलत राहिल्या आणि दर अंदाजाला पेन्सिल वाजत राहिली. आपण शिकवलेली प्रत्येक युक्ती एकेक करून आपल्यावर चालून येते आहे, हे त्यांना समजत होतं. त्यांना घाम फुटला नाही, छातीत धडधडलं नाही. मुलगी फार छान तपासते आहे, एवढाच विचार मनात आला.

करंगळीवर सर्वांत बारीक धागा टेकला तेव्हा मात्र त्या दचकल्या. तिथे लख्ख कळलं.

"झालं, बाई. उघडा डोळे."

वीस मिनिटांच्या मुदतीला अर्धं मिनिट कमी होतं. गोगलगाय आयुष्यात पहिल्यांदा वेळेत पोचली होती. आणि तिच्या कागदावर अंगठा लाल, तर्जनी लाल, मधलं बोट लाल. अनामिका अर्धी जांभळी. करंगळी आणि तिच्याकडची तळव्याची कड तेवढी हिरवी.

परीक्षकांनी तो कागद पाहिला, मग पहिले पाच काढून ओळीने मांडले आणि त्यांना हसूच आलं. वाईट हसले नाहीत ते. मुलीची ही तिसरी खेप, ती घाबरली असणार, हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, पाच हिरवे आणि एक लाल, असं कसं होईल? धागे उलटसुलट घेतलेस का? बस, मी दहा मिनिटं वाढवून देतो, पुन्हा कर. खोडरबर आहे ना?

खोडरबर तिच्या पुढ्यातच होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"सर, पुन्हा केलं तरी हेच येईल. बाईंनी अकरा वेळा धागा न लागता हो म्हटलंय."

दारापाशी रेंगाळणारे ते पाच जण जिथल्या तिथे थिजले. परीक्षकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तू कुणाबद्दल बोलते आहेस हे कळतंय का तुला, असं त्यांनी विचारलं.

"हाताबद्दल बोलतेय, सर," मुलगी म्हणाली. आणि मग तिने जे करू नये म्हणून बाईंनी वर्षभर घसा कोरडा केला होता तेच केलं. बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

बाईंच्या तोंडावर काहीही नव्हतं.

आता इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो की बाईंच्या पोटात कालवलं, डोळ्यांपुढे त्या शिंप्याची मशीन आली. नाही आली. बाईंना समोरचा हिशेब अगदी स्वच्छ दिसत होता. आपण तोंड उघडलं नाही तर ही पोरगी आज घरी जाईल आणि आपण उद्या वर्गावर येऊ. उघडलं तर उलटं. इतकं सगळं दिसत असूनही आपल्याला काही वाटत नाही, आणि हेच फार भयंकर आहे, हेही त्यांना दिसत होतं. त्या तशाच बसून राहिल्या. लाजेने सांगतो, पण चांगला मिनिटभर बसून राहिल्या.

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. मुलीचा कागद पुढे ओढला. लाल बोटांवर एक मोठी फुली मारायला हात उचलला, आणि बाईंना ते सहन होईना. दया म्हणा, माया म्हणा, तसलं काही नव्हतं ते. बरोबर उत्तरावर फुली पडते आहे आणि मास्तरीण समोर बसली आहे, एवढंच होतं. सव्वीस वर्षांची सवय होती ती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तिचं बरोबर आहे. चुकले ते बाकीचे पाच."

परीक्षकांना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी मुलीच्या हातून डबा घेतला, स्टुलावर बसले आणि काही न बोलता स्वतः तपासायला लागले. बाईंनी आपणहून डोळे मिटले. या वेळी त्या कळेल तेव्हाच हो म्हणाल्या. म्हणजे जवळजवळ काहीच म्हणाल्या नाहीत. सर्वांत जाड धागा अंगठ्यावर वाकला तरी त्या गप्प. परीक्षकांनी अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपला. तो पार वाळून सपाट झाला होता. टकलावरून त्यांनी एकदा रुमाल फिरवला.

मग हळूच म्हणाले की परीक्षा इथेच थांबवू, मुलीला पास धरू, पाच जणांची उद्या वॉर्डात पुन्हा घेऊ, आणि बाई, तुम्ही जरा आत येऊन बसा. विभागप्रमुखांना बोलावतो.

बाई म्हणाल्या, तिचा तोंडी प्रश्न राहिलाय. निष्कर्ष पेशंटला कसा सांगाल, पाच गुण. आहे ना यादीत?

राहू द्या ना बाई आता, असं परीक्षक अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. ते उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले.

पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची हेही बाईंनीच शिकवलं होतं. त्याच्या पातळीवर बसायचं, उभं राहून नाही. कागदाकडे नाही, त्याच्याकडे बघायचं. उत्तर येत नसेल तर बोलायचं नाही. आणि बरं होईल हो सगळं, हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याने कोर्स सोडून घरी जावं.

मुलीने स्टूल जवळ ओढलं. कागद पालथा घातला. तिच्या नाकातून पाणी येत होतं, ते तिने बाहीला पुसलं, परीक्षेत पुसू नये तसं.

केव्हापासून आहे, हे तिने आधी विचारलं. बाई म्हणाल्या, अडीच वर्षं. घरी माहीत आहे? नाही. कुणाला दाखवलं? नाही. इतक्या दिवसांत हे प्रश्न बाईंना कुणी विचारले नव्हते, आणि विचारल्यावर उत्तर किती पटकन येतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मग मुलीने सांगितलं. सावकाश, तिच्या चालीने, एकेक शब्द मापून. मनगटातली नस दाबली गेली आहे. फार उशीर झाला आहे. शस्त्रक्रिया याच आठवड्यात करायला हवी, म्हणजे आहे त्याहून बिघडणार नाही. थोडं परत येईल. सगळं येईल असं मला सांगता येत नाही. तोवर गरम पाणी, सुरी, शेगडी यांपासून हा हात लांब ठेवायचा. आणि पेशंट तपासायला हा हात वापरायचा नाही. आजपासूनच.

उत्तर चोख होतं. पाचपैकी पाच. बाईंनी खिडकीकडे पाहून तसं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मग मी शिकवू कशी गं?"

हा काही परीक्षेचा प्रश्न नव्हता. आवाज पेशंटचा होता. पहिल्या दिवशी येतात तेव्हा सगळ्यांचा असतो तसा, घाबरलेला. बाईंनी स्वतःचा असा आवाज कधी ऐकला नव्हता आणि त्यांना भीती वाटली, खरी भीती.

मुलीला उत्तर येत नव्हतं, म्हणून ती बोलली नाही. परीक्षक वळले नाहीत. मग तिने टेबलावरचा बाईंचा हात धरायला आपला हात पुढे केला, मध्येच थांबली, पालथा कागद उलटून एकदा नीट पाहिला, आणि मग बाईंची करंगळी आणि तळव्याची तेवढीच एक कड मुठीत घट्ट धरून ठेवली.

तिथे बाईंना कळत होतं.